श्रावणातला शुक्रवार आणि अँबेसेडरचे दिवे

सकाळी ७

श्रावणातल्या शुक्रवारी मी घाटावरच्या माझ्या दुकानाचं शटर तासभर आधी वर करतो. रात्री शहरातून लोक भद्रा मारुतीला पायी निघतात. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद आणि मग घाट, असं पंचवीसेक किलोमीटर चालून शनिवारी पहाटे खुलताबादला पोचतात. बायका, शाळकरी पोरं, अनवाणी म्हातारी माणसं, सगळी रस्त्याच्या कडेनं. अंगावर चमकणारं काही नसतं, हातात फार तर मोबाइलची बॅटरी. त्याच रस्त्यानं रात्रभर गाड्याही खाली-वर करत असतात. घाटाच्या वळणावर ही माणसं ड्रायव्हरला दिसली तर गाडीच्या डिपरमुळेच दिसतात. तो लागला पाहिजे, पुरेसा लागला पाहिजे आणि खाली, डाव्या अंगाला पडला पाहिजे. म्हणून या दिवशी हॉर्न, टेप, सेंटर लॉक, काचेची मोटर यांतलं काहीही मी हातात घेत नाही. फक्त दिवे.

भाचा आयटीआय करून माझ्याकडे कामाला लागलाय. तो झाडून घेतो तोवर मी हत्यारं मांडतो. पान्हे, पितळी ब्रश, पॉलिश पेपर, थिम्बल दाबायची पक्कड, मीटर आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प विकतचा नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. पोरं मीटरवर भाळतात. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. आतून सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरीवरही तो निवांत बारा व्होल्ट दाखवतो. हा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर कुजकी असेल तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. आधी टेस्ट लॅम्प आणि मग मीटर, हा माझ्याकडचा क्रम आहे.

सकाळी ८

गुरुजी अँबेसेडर घेऊन आले. कन्नडकडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गाडी वडिलांच्या वेळची. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर हिंदुस्थान मोटर्सनं उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५७-५८ पासून बनवली, २०१४ला बंद केली. गुरुजींची गाडी उभी राहते, धावते, घाट चढते. अडचण फक्त रात्रीची.

“दोनदा बल्ब बदलले, एकदा बॅटरी बदलली,” ते म्हणाले. “तरी पुढचं दिसत नाही. उजवा दिवा तर डाव्याहूनही मंद आहे. आणि चाक खड्ड्यात आदळलं की दोन्ही दिवे क्षणभर जातात. आज संध्याकाळी मुलगी रेल्वेनं येतेय. तिला घेऊन रात्री परत वर यायचंय.”

रात्री वर यायचं म्हणजे चालणाऱ्यांच्या रांगेला लागूनच.

“गाडी संध्याकाळपर्यंत इथंच ठेवा, गुरुजी. तुम्ही दर्शन करून या, आज गर्दी उद्याच्या मानानं कमी असेल.”

बॉनेट उघडण्याआधी मी भाच्याला विचारलं, यातून काय कळतं? गिऱ्हाईक जे सांगतं त्यात निम्मा शोध लागलेला असतो, फक्त ते नीट ऐकावं लागतं. दोन्ही दिवे एकदम जातात, म्हणजे दोघांची वाट जिथं एक आहे तिथं काहीतरी ढिलं आहे. बॅटरीकडून येणारी वायर, डॅशबोर्डवरचा लाइट स्विच, पायाखालचा डिपर स्विच, एवढ्यातच. एक दिवा दुसऱ्याहून मंद, म्हणजे जिथं वाटा वेगळ्या होतात तिथंही काहीतरी आहे, बहुतेक अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट. दोन वेगवेगळे फॉल्ट एकाच गाडीत. बल्ब बदलून यातला एकही जात नाही.

सकाळी ८.३०

बल्ब काढले तर १००/९० वॅटचे निघाले, पहिला आकडा अप्परचा म्हणजे लांबच्या झोताचा, दुसरा डिपरचा. उजेड वाढावा म्हणून कुणीतरी घातलेले. ही गाडी जेव्हा बनली तेव्हा तिला ४५/४०चे साधे बल्ब असत. दोन डिपर मिळून ऐंशी वॅट, सात अँपिअरच्या आतलं काम. स्विच आणि वायर त्या हिशेबानं दिलेली. पुढे हॅलोजन एच-४ आले, ६०/५५ वॅटचे. डिपरला नऊ अँपिअर. आणि हे १००/९०वाले डिपरला पंधरा ओढतात, अप्परला सोळा-सतरा. भर म्हणजे या जुन्या ब्रिटिश वळणाच्या वायरिंगमध्ये हेडलाइटच्या वाटेवर फ्यूजच नाही. दिवे एकदम जाऊन गाडी घाटात आंधळी होऊ नये, असा तेव्हाचा विचार असावा. पण वायर तापून पेटली तर तिला थांबवणारं मध्ये काही नाही.

माझ्याकडचे ६०/५५चे बल्ब लावले आणि मग मोजायला बसलो.

या मोजण्यावर थोडं थांबतो, कारण सगळी विद्या इथंच आहे आणि बहुतेक ठिकाणी तीच टाळली जाते. होल्डर बल्बवरून काढून त्याच्या पिनांवर मीटर लावायचा, बारा व्होल्ट दिसले की “सप्लाय ओके आहे” म्हणायचं आणि नवा बल्ब विकायचा. करंट वाहतच नसताना घेतलेलं ते माप. खरं माप घ्यायचं तर होल्डर बल्बवरच ठेवायचा, दिवा चालू ठेवायचा, आणि मीटरच्या सुया होल्डरच्या मागून आत घालायच्या. करंट वाहत असतानाच वाटेतली गळती दिसते.

इंजिन बंद, डिपर चालू. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. डाव्या बल्बच्या दोन टोकांत ९.८. उजव्याच्या दोन टोकांत ९.१.

म्हणजे डावीकडे २.४ व्होल्ट वाटेत हरवले, उजवीकडे ३.१. ऐकायला थोडे वाटतात. पण दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगानं उतरतो. साधारण साडेतीनाव्या घाताच्या आसपास. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के जातो. या हिशेबानं डावा दिवा निम्म्याहून कमी उजेड देत होता आणि उजवा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. गुरुजींचे डोळे ठणठणीत होते, बल्बही नवे होते.

मग हरवलेले व्होल्ट शोधायचे. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी डाव्या बल्बच्या प्लसवर: १.५. उजव्याच्या प्लसवर: तेवढेच १.५. आता बॅटरीच्या मायनसपासून डाव्या बल्बच्या अर्थपर्यंत: ०.९. उजव्याच्या अर्थपर्यंत: १.६. बेरीज करून पाहा, दोन्हीकडे हिशेब चोख बसतो. बसला नाही तर मोजण्यात चूक आहे, पुन्हा मोजायचं. भाच्यानं हे आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिले.

सकाळी १०

प्लसच्या बाजूचे १.५ कुठे गेले? एकेक टप्पा सुयांमध्ये पकडत गेलो. बॅटरीपासून लाइट स्विचपर्यंत ०.३. स्विचच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ०.६. डिपर स्विचमध्ये ०.४. पुढच्या वायरीत ०.२.

लाइट स्विच खोलून काढला तर मागची बॅकेलाइटची पट्टी तपकिरी पडलेली आणि एक टर्मिनल सैल. नऊ अँपिअरला तिथं ०.६ व्होल्ट पडतात, म्हणजे साडेपाच वॅट उष्णता त्या बारीक कॉन्टॅक्टमध्ये. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. १००/९०च्या बल्बांवर तिथं पंधरा वॅट पेटत होते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटची असते. गुरुजींना डॅशबोर्डमधून मध्येच जळका वास यायचा, हे त्यांनी नंतर सांगितलं.

डिपर स्विच या गाडीत क्लचजवळ, पायानं दाबायचा. त्याला फार सोसावं लागतं. श्रावणात चपलेचं पाणी, चिखल, मॅटखालची ओल सगळी त्याच्यावर. तो सोडवला तर पत्र्याकडची बाजू पूर्ण गंजलेली. खड्ड्यात दोन्ही दिवे का जात होते ते इथं कळलं: आतली पट्टी झटक्यानं सुटायची आणि परत टेकायची.

अर्थचा शोध त्याहून सोपा निघाला. दोन्ही हेडलाइटच्या काळ्या वायरी मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर स्क्रूनं बसवलेल्या. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं. उजवीकडे लांबी भरून, रंग मारून, त्या रंगावरच वॉशर ठेवून स्क्रू आवळलेला. करंट परत जात होता तो स्क्रूच्या आट्यांमधून, आणि आटेही गंजलेले. माझ्याकडे ज्या जुन्या गाड्या येतात त्यांत दिव्यांचे निम्म्याहून जास्त फॉल्ट इथंच सापडतात, परतीच्या वाटेवर. येणाऱ्या करंटची काळजी सगळे घेतात. जाणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या जाड पट्ट्याही पाहिल्या. त्या ठीक होत्या. त्या सुटल्या तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते, म्हणून प्रत्येक जुन्या गाडीत मी त्या पाहतोच.

सकाळी ११.३०

मधल्या वेळात लहान कामं उरकली. एक काळी-पिवळी, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होणारी. मागच्या दिव्याच्या होल्डरला अर्थ नव्हता, दहा मिनिटांत झालं. एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीला मागे दिवाच नाही. टेल-लॅम्पची जोडी लावून दिली, वायर हुकाजवळ कपलरनं सुटेल अशी केली, आणि मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी. ट्रॉली थांबलेली असली तरी मागून येणाऱ्याला दिसली पाहिजे.

एका जीपचं काम भाच्याला मुद्दाम दाखवलं. डिपर लावला की एक हेडलाइट मंद पिवळा, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही किंचित पेटतो. हा निळा दिवाच खूण सांगतो. त्या बल्बची अर्थ वायर पूर्ण तुटलेली. डिपरच्या फिलामेंटमधून आलेला करंट परत जायला वाट नाही, म्हणून तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो, तिथून अप्परच्या वायरीतून उलटा फिरून दुसऱ्या हेडलाइटकडे आणि निळ्या दिव्याकडे जातो आणि त्यांच्या अर्थनं बाहेर पडतो. पोरगा बराच वेळ बोटानं हवेत वाट काढत उभा राहिला. मग म्हणाला, “मामा, म्हणजे अर्थ जोडला की निळा दिवा आपोआप विझेल?” जोडला, विझला. मात्र हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत बल्बला प्लस आधीच दिलेला असतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. गाडी कुठल्या घडणीची ते आधी पाहावं, मग डोकं चालवावं.

दुपारी १.३०

जुम्म्याची नमाज झाली, शेजारची दुकानं पुन्हा उघडली. चहाला शेजारचे चाचा आले. तरुणपणी त्यांनी मुंबईत प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी चालवली. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही, ती बातमी आली त्या दिवशीही ते असेच येऊन बसले होते. “तिकडे हेडलाइट गेला तरी रस्त्याच्या खांबांवर गाडी काढता यायची,” ते म्हणाले. “इथं घाटात काय दिसणार?”

तेवढ्यात एक तरुण मारुती ८०० घेऊन आला. एलईडीचे बल्ब बसवलेले, आता आणखी एक जोडी फॉगसाठी हवी. मी त्याला त्याच्याच गाडीसमोर पाच-सहा पावलांवर उभं केलं आणि डिपर लावला. त्यानं हात डोळ्यांवर धरला. एच-४ बल्बच्या डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर खाली पडतो. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला. त्याच होल्डरमध्ये एलईडीचे चिप बसवले की जागा चुकते, उजेड चहूकडे फुटतो. समोरच्याला दिपवतो आणि चालवणाऱ्यालाही वाटतो तितका लांब पोचत नाही. म्हैसमाळच्या धुक्यात तर पुढे पांढरी भिंतच. पोरगा समजूतदार होता. साधे हॅलोजन लावून घेतले आणि एलईडी खिशात घालून गेला.

दुपारी २.३०

सकाळी शहरात फोन केला होता, काळी-पिवळीवाल्यानं पार्सल आणून दिलं: दोन रिले, फ्यूज-बॉक्स, नवा डिपर स्विच, अडीच चौरस मिलिमीटरची वायर.

नुसतं साफ करूनही गाडी चालली असती. पण नऊ अँपिअर डॅशबोर्डपर्यंत नेऊन, पायाखालून फिरवून, परत पुढे आणायचे कशाला? रिले बसवला की स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची असते, अँपिअरच्या पाचव्या हिश्शाएवढी. दिव्यांचा करंट बॅटरीपासून रिले आणि रिलेपासून बल्ब, एवढ्या आखूड वाटेनं जातो. ३० नंबरवर बॅटरी, ८७ वर बल्ब, ८५ आणि ८६ कॉइलला. जुनी लाल पट्टीची निळी वायर डिपरची, पांढऱ्या पट्टीची निळी अप्परची. त्या आता बल्बऐवजी कॉइलला जोडल्या. ल्युकसच्या पद्धतीचे हे रंग अँबेसेडरमध्ये अजून ओळखू येतात, कुणी मध्ये भलत्याच रंगाचे तुकडे जोडले नसतील तर. या गाडीत जोडले होते. ते सगळे काढले.

फ्यूज एकच न घालता प्रत्येक दिव्याच्या प्रत्येक फिलामेंटला वेगळा घातला, चार जागा. एक फ्यूज उडाला तरी दुसऱ्या बाजूचा दिवा राहतो. जुन्या कारागिरांना फ्यूजची जी भीती होती तिचं उत्तर हे आहे, फ्यूज टाळणं नव्हे.

अर्थची जागा भाच्यानं केली. रंग आणि लांबी खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर, नवा बोल्ट, वरून ग्रीस. शिवाय दोन्ही हेडलाइटपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जादा काळी वायर ओढली. ट्विस्ट करून टेप गुंडाळलेला एकही जोड ठेवला नाही. थिम्बल दाबून, सोल्डर करून, वर स्लीव्ह.

पुन्हा मोजलं. इंजिन बंद, बॅटरी १२.२, दोन्ही बल्बवर ११.९. इंजिन चालू करून रेस दिली, बॅटरीवर १३.९ आणि बल्बवर १३.६. भाच्यानं खडूचे जुने आकडे पुसले नाहीत, शेजारी नवे लिहिले. गुरुजी आले तेव्हा बॉनेटखाली वाकून त्यांनी दोन्ही रकाने वाचले आणि उजव्या बाजूची वजाबाकी तोंडी करून पाहिली.

सायंकाळी ७.१५

दिवे सेट करायला अंधार लागतो. समोरच्या गोदामाची भिंत आणि तिच्यापुढचं फरशीचं अंगण मला त्यासाठी सोयीचं पडतं. टायरची हवा तपासली, गुरुजींना ड्रायव्हरच्या सीटवर आणि चाचांना मागे बसवलं, कारण माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं. भिंतीपासून पाच मीटरवर उभी केली. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखली, त्याखाली पाच सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपरची वरची कड त्या खालच्या रेघेवर बसली पाहिजे. दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार, असा हिशेब. डाव्या बाजूला ती कड थोडी वर चढते. आपण डावीकडून चालतो म्हणून काच तशी घडवलेली असते, कडेनं चालणारा माणूस दुरून दिसावा आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये. उजवा दिवा आकाशाकडे बघत होता, तो खाली आणला. डावा थोडा बाहेर.

गुरुजी स्टेशनकडे निघाले. जाताना एवढंच सांगितलं की दौलताबादच्या दिल्ली दरवाजापाशी रस्ता अरुंद आहे, तिथं अप्पर मारू नका, आणि माणसं दिसली की डिपरवरच चाला.

रात्री ८.१५

शटर ओढणार तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. हेडलाइट पूर्ण बंद, पार्किंगचे दिवे तेवढे चालू. ड्रायव्हर ओळखीचा. डॅशबोर्डखाली हात घातला तर वायरींचा जुडगा वितळून एक झालेला, अजून गरम. हे काम उद्या दिवसभराचं.

“उस्ताद, कायतरी डायरेक्ट करून द्या. एवढा घाट उतरलो की पुढे लाइटच लाइट आहे.”

“एवढ्या घाटातच माणसं चाललीत.”

“दूध नासंल ना.”

त्याचंही खरं होतं. डायरेक्ट करून द्यायचं म्हणजे त्या वितळलेल्या जुडग्यातून पुन्हा करंट सोडायचा. मी बॅटरीचं टर्मिनल सोडवलं आणि चाचांच्या मुलाला हाक मारली. त्याचं पिकअप आठवड्यापूर्वीच माझ्या हाताखालून गेलं होतं. तरी भिंतीसमोर उभं करून डिपर, ब्रेक, मागचे दिवे पुन्हा पाहिले. मग ताडपत्री सोडली आणि ड्रायव्हर, भाचा, चाचांचा मुलगा आणि मी असे चौघं दुधाचे कॅन इकडून तिकडे चढवायला लागलो.